सेंट्रल पार्कच्या हिरवळीखालचं गाव : सेनेका व्हिलेजबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यूयॉर्कला येणारे पाहुणे सेंट्रल पार्क बघितल्याशिवाय परत जात नाहीत. तळं, पूल, घोडागाडी, फोटो असं सगळं उरकलं की मी त्यांना पश्चिमेकडच्या ८५ व्या रस्त्याजवळच्या चढावर नेते. तिथे बघण्यासारखं फारसं काही नाही. गवत, मोठाले खडक, झाडं आणि काही माहितीफलक. पण फलक वाचून झाले की प्रश्न सुरू होतात, आणि ते बहुतेक वेळा तेच असतात. या जागेवर कृष्णवर्णीय लोकांनी स्वतःच्या पैशाने जमीन घेऊन वसवलेलं एक गाव होतं. त्याच्याबद्दल मला विचारले गेलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

हे गाव नेमकं कुठे होतं आणि किती काळ होतं?

आजच्या नकाशाप्रमाणे पश्चिमेकडचा ८२ वा रस्ता ते ८९ वा रस्ता, पार्कच्या पश्चिम कडेला. सुरुवात १८२५ साली, शेवट १८५७ साली. म्हणजे जेमतेम बत्तीस वर्षं. तेव्हाचं न्यूयॉर्क शहर मॅनहॅटन बेटाच्या दक्षिण टोकाला दाटीवाटीने वसलेलं होतं. हा भाग तिथून कित्येक मैल उत्तरेला, खडकाळ माळरानाचा. रस्त्यांचे आकडे कागदावर पडले होते, रस्ते अजून व्हायचे होते. १८५५ च्या राज्य जनगणनेत इथे सुमारे २२५ माणसं, पन्नासहून जास्त घरं, तीन चर्च आणि एक शाळा होती. नावात 'सेनेका' कुठून आलं यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. कुणी रोमन तत्त्वज्ञाकडे बोट दाखवतं, कुणी सेनेका या मूलनिवासी लोकांकडे.

जमीन विकली कुणी आणि घेतली कुणी?

जॉन आणि एलिझाबेथ व्हाइटहेड हे गोरं जोडपं तिथल्या शेतजमिनीचं मालक होतं. १८२५ साली त्यांनी जमिनीचे सुमारे २०० प्लॉट पाडून ते विकायला काढले. पहिलं गिऱ्हाईक होता अँड्र्यू विल्यम्स, पंचवीस वर्षांचा, बुटांना पॉलिश करून पोट भरणारा तरुण. २७ सप्टेंबर १८२५ ला त्याने १२५ डॉलरला तीन प्लॉट घेतले. पाठोपाठ एपिफनी डेव्हिस या दुकानात काम करणाऱ्या माणसाने ५७८ डॉलरला बारा प्लॉट घेतले, आणि आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल झायन चर्चने आणखी सहा. पुढच्या सात वर्षांत व्हाइटहेड जोडप्याच्या प्लॉटांपैकी जवळपास निम्मे कृष्णवर्णीय लोकांच्या नावावर चढले.

इथे थोडं थांबून १८२५ हे साल ध्यानात घ्यायला हवं. न्यूयॉर्क राज्यात गुलामगिरी पूर्णपणे संपली ती ४ जुलै १८२७ ला. म्हणजे विल्यम्सने खरेदीखतावर सही केली तेव्हा त्याच राज्यात काही माणसं अजून कायद्याने दुसऱ्यांच्या मालकीची होती. अशा वेळी एका बूटपॉलिशवाल्याने जमिनीचा मालक व्हायचं ठरवलं. तो फलक वाचताना मी दर वेळी त्या तारखेपाशी अडखळते.

शहर सोडून एवढ्या लांब, खडकात जमीन घ्यायचं कारण काय?

कारणं एकात एक गुंतलेली होती. शहरात भाड्याची खोली मिळाली तरी ती सगळ्यात वाईट वस्तीत. पटकी आणि पिवळ्या तापाच्या साथी तिथेच आधी पोचत. अंगावर हल्ला होण्याची भीतीही होती. जुलै १८३४ मध्ये गुलामगिरीविरोधी चळवळीवर चिडलेल्या जमावांनी कृष्णवर्णीयांची घरं आणि चर्च फोडली. माळावर निदान मोकळी हवा होती, भाजी लावायला जागा होती, प्यायला झरा होता.

पण माझ्या मते सगळ्यात मोठं कारण मतदानाचं होतं. १८२१ च्या न्यूयॉर्कच्या राज्यघटनेने गोऱ्या पुरुषांसाठी मालमत्तेची अट जवळजवळ काढून टाकली, आणि काही वर्षांत ती उरलीच नाही. कृष्णवर्णीय पुरुषांना मात्र तीन वर्षांचं वास्तव्य आणि किमान २५० डॉलरची स्थावर मालमत्ता असेल तरच मत, अशी अट घातली. जमीन नाही तर मत नाही. म्हणून माळावरचा प्लॉट म्हणजे घर बांधायची जागा, आणि त्याच्याबरोबर नागरिक म्हणून उभं राहायची जागाही. १८४५ साली अख्ख्या शहरात मतदानाला पात्र ठरलेले कृष्णवर्णीय पुरुष सुमारे शंभर होते. त्यातले दहा एकट्या सेनेका व्हिलेजचे. ही अट काढावी का असं राज्यातल्या मतदारांना १८४६, १८६० आणि १८६९ असं तीन वेळा विचारलं गेलं, आणि तीनही वेळा त्यांनी नकार दिला. शेवटी देशाच्या राज्यघटनेच्या १८७० मधल्या पंधराव्या दुरुस्तीने ती गेली.

गावात फक्त कृष्णवर्णीयच राहत होते का?

नाही. सुमारे दोनतृतीयांश कृष्णवर्णीय, बाकी बहुतेक आयरिश आणि थोडे जर्मन. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळाने आयर्लंडमधून देशोधडीला लागलेली माणसं इथे येऊन टेकली होती. १८४९ साली बांधलेल्या 'ऑल एंजल्स' चर्चमध्ये दोन्ही रंगांची माणसं एकाच छताखाली प्रार्थनेला बसत. मार्गारेट गीरी नावाची आयरिश सुईण दोन्हीकडच्या बाळंतपणांना जायची. त्या काळच्या न्यूयॉर्कमध्ये ही गोष्ट साधी नव्हती.

पण ती झोपडपट्टी होती असं वाचलंय...

तेव्हाच्या वर्तमानपत्रांत तसंच लिहिलेलं आहे, आणि तेच पुढे दीडशे वर्षं चाललं. उद्यानाची मागणी करणाऱ्यांनी आणि त्यांच्या बाजूच्या पत्रांनी संपूर्ण भागातल्या लोकांना बेकायदा घुसखोर ठरवलं, घरांना खोपट्या म्हटलं, आणि गावाला तोंडाने उच्चारू नये अशी वर्णद्वेषी नावं दिली.

कागद वेगळं सांगतात. १८५५ मध्ये इथल्या कृष्णवर्णीय घरधन्यांपैकी जवळपास निम्मे स्वतःच्या घरात राहत होते. ते कर भरत होते. काही घरं दुमजली, तिमजली. मुलं शाळेत जात होती, कारण आफ्रिकन युनियन चर्चच्या तळघरात कृष्णवर्णीय मुलांसाठीची 'कलर्ड स्कूल नंबर ३' भरायची. कुणी वेटर, कुणी मोलकरीण, कुणी मजूर, कुणी चर्चचा राखणदार. कष्टकरी माणसांचं, हातावर पोट असलेलं, पण पाय जमिनीत रोवलेलं गाव होतं ते. सगळीच मंडळी मालक नव्हती, भाडेकरूही बरेच होते. काही मालक स्वतः खालच्या शहरातच राहायचे आणि प्लॉट इथे बाळगायचे. गुलामगिरीविरोधी चळवळीतलं लायन्स कुटुंब त्यातलंच.

'घुसखोर' या एका शब्दाने किती काम केलं ते बघा. माणूस बेकायदा ठरला की त्याला उठवताना वाचणाऱ्याला वाईट वाटत नाही, आणि पुढे त्याचा इतिहास कुणी शोधत नाही. म्हणून या गावाचा इतिहास जपायचा म्हणजे पहिल्यांदा मालकी सिद्ध करायची. ते काम अभ्यासकांना अक्षरशः खरेदीखतांवरून करावं लागलं.

मग गाव गेलं कसं? मोबदला मिळाला का?

जुलै १८५३ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने उद्यानासाठी जमीन ताब्यात घेण्याचा कायदा केला. आपल्या भाषेत सार्वजनिक प्रयोजनासाठी सक्तीचं भूसंपादन. आधी नदीकाठच्या दुसऱ्या जागेचा विचार झाला होता, पण तिथले श्रीमंत मालक कोर्टात गेले. मधल्या माळावरच्या लोकांमागे तसं कुणी नव्हतं. उद्यानाच्या संपूर्ण क्षेत्रातून सुमारे १,६०० माणसं उठवली गेली. सेनेका व्हिलेज त्यातली सगळ्यात घट्ट बसलेली वस्ती.

मालकांना मोबदला मिळाला, आणि तो कमी आहे म्हणून बऱ्याच जणांनी तक्रारी केल्या. अँड्र्यू विल्यम्सने घर आणि तीन प्लॉट मिळून ३,५०० डॉलर मागितले, हातात पडले २,३३५. त्याने १२५ ला घेतलेली जमीन, म्हणून हा फायदाच नव्हे का, असं मला एका पाहुण्याने विचारलं होतं. तीस वर्षांत शहर वर सरकलं होतं, आजूबाजूच्या जमिनीला सोन्याचा भाव यायला लागला होता, आणि कृष्णवर्णीय माणसाला दुसरीकडे चांगली जमीन विकायला कुणी सहज तयार नव्हतं. त्या पैशात तेच गाव, तेच चर्च, तोच शेजार परत उभा राहणार नव्हता. भाडेकरूंच्या हाती तर काहीच पडलं नाही. १८५७ संपता संपता गाव रिकामं झालं. उद्यानाचा पहिला भाग लोकांसाठी उघडला तो १८५८ च्या हिवाळ्यात.

काही घरं तर दुसऱ्यांदा उठली. गावाच्या पूर्वेला यॉर्क हिल नावाची कृष्णवर्णीयांची आणखी एक वस्ती होती. १८३८ च्या सुमारास शहराच्या पाणीपुरवठ्याच्या तलावासाठी ती जागा घेतली, तेव्हा तिथली माणसं सेनेका व्हिलेजमध्ये आली होती. वीसेक वर्षांत पुन्हा तेच. धरणग्रस्त म्हणून वसलेल्या वसाहतीला पुढे रस्त्याची नोटीस यावी, तसंच.

कोनशिलेची गोष्ट काय आहे?

ही मला सगळ्यात जास्त लागते. ४ ऑगस्ट १८५३ ला, म्हणजे भूसंपादनाचा कायदा होऊन दोन आठवडे होतात न होतात तोच, झायन चर्चच्या लोकांनी गावात आपल्या नव्या इमारतीची कोनशिला बसवली. ख्रिस्तोफर रश या धर्मगुरूच्या हस्ते. कोनशिलेत एक पेटी ठेवली. त्यात बायबल, भजनांचं पुस्तक, चर्चचे नियम, विश्वस्तांच्या नावांचं पत्र, आणि 'ट्रिब्यून' व 'सन' या वर्तमानपत्रांचे अंक. पुढच्या पिढ्यांनी ही पेटी उघडावी, तिच्यातली नावं वाचावीत म्हणून. चार वर्षांत चर्च पाडलं गेलं.

त्यांना कायद्याची बातमी लागली नव्हती का? वर्तमानपत्रं त्यांनी हाताने पेटीत ठेवली, तेव्हा ती वाचलीही असणारच. मला वाटतं, माहीत असूनही त्यांनी पाया घातला.

दीडशे वर्षं कुणालाच आठवण कशी राहिली नाही?

गावची माणसं पांगली. एकत्र कुठेच वसली नाहीत. ऑल एंजल्सची लाकडी इमारत उचलून काही रस्ते पलीकडे नेली गेली, पण तिच्यात जुने लोक जवळजवळ राहिलेच नाहीत. आठवणीला टेकायला एक पार, एक वेस, एक जत्रा लागते. इथे त्यातलं काहीच उरलं नाही. वरून माती, गवत आणि नव्याने आखलेल्या वळणाच्या वाटा आल्या. उद्यान इतकं सुंदर झालं की त्याच्याआधी तिथे नुसती दलदल होती, ही कहाणी सगळ्यांनाच पटली.

१९९२ मध्ये रॉय रोझेनझ्वाइग आणि एलिझाबेथ ब्लॅकमार या इतिहासकारांनी सेंट्रल पार्कचा सामाजिक इतिहास लिहिताना या गावाला त्याची जागा परत दिली. १९९७ मध्ये न्यूयॉर्क हिस्टॉरिकल सोसायटीने गावावर प्रदर्शन भरवलं. त्या सोसायटीची इमारत गावाच्या जागेपासून चालत दहा मिनिटांवर आहे. त्या प्रदर्शनातूनच सिंथिया कोपलँड, डायना वॉल आणि नॅन रॉथशिल्ड यांचा सेनेका व्हिलेज प्रकल्प उभा राहिला. पहिला माहितीफलक लागला २००१ मध्ये.

घर नाही, भिंत नाही, फोटो नाही. मग इतिहास सापडला कशात?

सरकारी कागदांत. या प्रश्नाचं उत्तर मला थोडं सविस्तर द्यावंसं वाटतं.

गाव उठवायचं म्हणजे आधी ते मोजावं लागतं. १८५६ मध्ये गार्डनर सेज या मोजणीदाराने भूसंपादनाचा नकाशा काढला. त्यात प्लॉट न प्लॉट, त्यावरची घरं, गोठे, चर्च सगळं आखलेलं आहे. मोबदल्याच्या नोंदींत मालकांची नावं आणि रकमा आहेत. गाव पाडण्यासाठी केलेला हा नकाशा आज त्या गावाचं सर्वात तपशीलवार चित्र आहे. ज्या हाताने पुसलं त्याच हाताने लिहून ठेवलं. आपल्याकडेही बुडीत क्षेत्रातल्या गावांचं सगळ्यात नेमकं वर्णन कित्येकदा संपादनाच्या निवाड्यातच मिळतं, कुणाची किती आंब्याची झाडं आणि कुणाची विहीर किती हात खोल, इथपर्यंत.

त्याला जोड मिळाली १८५५ च्या जनगणनेची : कुटुंबात कोण, वय किती, धंदा काय. मग कराच्या वह्या, खरेदीखतं. आणि ऑल एंजल्स चर्चच्या नोंदवह्या. बारसं, लग्न, दफन. जनगणना दहा वर्षांतून एकदा येते, चर्चची वही दर रविवारी. कुठल्या मुलाला कुणी मांडीवर घेतलं, कुणाच्या लग्नाला साक्षीदार कोण, हे तिथेच कळतं.

या कागदांतून कोण दिसत नाही हेही बघायला हवं. मालकाचं नाव चार ठिकाणी येतं, भाडेकरूचं जेमतेम एकदा. बायका 'अमक्याची पत्नी' म्हणून येतात, अपवाद स्वतःच्या नावावर प्लॉट असलेल्या काही जणींचा. आणि गावातल्या कुणाही माणसाने स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं गावाचं वर्णन हाताशी नाही. मालकीच्या कागदांवरून लिहिलेला इतिहास मालकांकडे झुकतो, हे ध्यानात ठेवूनच तो वाचावा.

उत्खनन झालं होतं ना? काय सापडलं?

झालं, पण त्यासाठी फार वाट बघावी लागली. सेंट्रल पार्कमध्ये खणायची परवानगी मिळणं सोपं नाही. आधी मातीचे नमुने काढले, मग २००५ मध्ये रडारने जमिनीखालचा अंदाज घेतला, आणि २०११ च्या उन्हाळ्यात आठ आठवडे प्रत्यक्ष खोदकाम झालं. विद्यार्थी हाताने माती चाळत होते.

सापडला तो विल्यम गॉडफ्रे विल्सनच्या घराचा दगडी पाया. विल्सन ऑल एंजल्स चर्चचा राखणदार. बायको शार्लट, आठ मुलं, लाकडाचं तिमजली घर. तिथे लोखंडी चहाची किटली मिळाली, भाजायचं भांडं मिळालं, हाडाच्या मुठीचा दातांचा ब्रश मिळाला, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे मिळाले. आणि चामड्याच्या तळव्याचा लहान मुलाचा एक बूट.

बूट बघून प्रत्येक जण गप्प होतो. माझं लक्ष मात्र किटलीकडे जातं. बशा, चहा, भाजायचं भांडं हे सगळं नीट मांडलेल्या घराचं सामान आहे. 'खोपटी' लिहिणाऱ्या वार्ताहराने त्या घराचा उंबरा ओलांडला असता, तर शार्लटने त्यालाही चहा विचारला असता. या सगळ्या वस्तू आज शहराच्या पुरातत्त्व संग्रहात ठेवलेल्या आहेत.

गावच्या कबरींचं काय झालं?

गावात दफनभूमी होत्या. उद्यान झाल्यावर त्या पूर्ण हलवल्या गेल्या असं दिसत नाही. १८७१ मध्ये ८५ व्या रस्त्याच्या फाटकाजवळ झाडं काढताना मजुरांना शवपेट्या लागल्याची बातमी तेव्हाच्या वर्तमानपत्रात आली होती. २०११ च्या चमूने दफनाच्या जागा मुद्दाम टाळून खोदलं. ते मला योग्य वाटतं. ज्यांना जिवंतपणी उठवलं, त्यांना मेल्यावर पुन्हा उठवू नये.

त्या लोकांचे वंशज आज सापडतात का?

फार कष्टाने. आपल्याकडे कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी दारात येऊन सात पिढ्या वाचून दाखवतो, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत खापरपणजोबांची सही निघते. इथे ती सोय नाही. गुलामगिरीत माणसांची आडनावं मालकाच्या मर्जीने लागली आणि बदलली. देशाच्या जनगणनेत घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव लिहायला सुरुवात झाली १८५० मध्ये. दक्षिणेत गुलाम असलेल्यांची नावं १८७० पर्यंत आलीच नाहीत. त्यात 'विल्यम्स', 'स्मिथ', 'विल्सन' यांसारखी आडनावं शहरात हजारो. तरी वंशावळ लावणारे अभ्यासक चर्चच्या वह्या आणि मृत्युपत्रं जोडत एकेक धागा पुढे नेत आहेत.

जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं होतं. त्याचा इथे काही संबंध?

आहे, आणि मराठी माणसाने तो बघायलाच हवा. १८७३ साली पुण्यातून फुल्यांनी आपलं पुस्तक अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, ज्यांनी गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी झटून काम केलं. आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा ही त्यांची इच्छा होती. इतक्या लांबून त्यांना तो लढा आपला वाटला.

सेनेका व्हिलेज त्या लढ्याचं पुढचं पान आहे. गुलामी कायद्याने संपल्यावर माणसाला काय लागतं? जमीन, शाळा, मत, आणि ते कुणी काढून घेणार नाही याची खात्री. १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली, जवळपास त्याच काळात या गावातल्या चर्चच्या तळघरात मुलं पाटीवर अक्षरं गिरवत होती. दोन्हीकडच्या लोकांना एकमेकांची खबर नव्हती, तरी दोघांच्याही समोरचा अडथळा एकाच जातीचा होता.

असं एखादं गाव टिकलं का?

हो, त्याच शहरात. ब्रुकलिनमधलं वीक्सव्हिल. १८३८ मध्ये जेम्स वीक्स या कृष्णवर्णीय माणसाने तिथे जमीन घेतली आणि १८५० च्या दशकापर्यंत पाचशेच्या वर लोकवस्ती झाली. नंतर शहराने त्याला गिळलं, नावही विसरलं गेलं. १९६८ मध्ये जेम्स हर्ली हा इतिहासाचा शिक्षक आणि जोसेफ हेन्स हा वैमानिक लहान विमानातून वरून शोधत होते, तेव्हा नव्या चौकोनी रस्त्यांना न जुळणारा एक तिरका बोळ दिसला. त्याच्या कडेला चार जुनी लाकडी घरं. जुन्या हंटरफ्लाय रस्त्यावरची, वीक्सव्हिलची.

पुढचं काम मोहल्ल्याने केलं. शेजारच्या शाळेतली मुलं खोदकामात हात लावायला आली. जोन मेनार्ड या चित्रकार बाईंनी पुढची कित्येक वर्षं ती घरं वाचवण्यात घालवली. १९७० मध्ये शहराने त्यांना संरक्षित वास्तूंचा दर्जा दिला. आज तिथे संग्रहालय आहे. दोन्ही गावं शेजारी ठेवून बघितली की एक फरक ठळक दिसतो : वीक्सव्हिलच्या बाजूने उभा राहायला जवळच राहणारा समाज होता.

स्टेटन आयलंडवर सँडी ग्राउंडही आहे. १८२८ मध्ये तिथली पहिली जमीनखरेदी झाली, पुढे मेरीलँडहून आलेले कृष्णवर्णीय कालव काढणारे तिथे स्थिरावले. १९१६ मध्ये प्रदूषणामुळे कालवांचे पट्टे बंद झाले, १९६३ च्या आगीत बरीच घरं गेली. तरी काही जुनी कुटुंबं अजून तिथेच आहेत.

हे सगळं जुनं झालं. आजही अशा जमिनी जातात का?

जातात, आणि तेही कायद्यातूनच. अमेरिकेत, मुख्यतः दक्षिणेत, १९२० मध्ये कृष्णवर्णीय शेतकरी सुमारे ९ लाख २५ हजार शेतं कसत होते. आज ती संख्या पन्नास हजारांच्याही खाली आहे. त्यामागे कर्ज नाकारणं आहे, दहशत आहे, शहराकडे झालेलं स्थलांतर आहे. पण एक कारण मराठी वाचकाला लगेच कळेल : वारसनोंद. आजोबा मृत्युपत्र न करता गेले, जमीन सगळ्या वारसांत सामाईक राहिली, दोन-तीन पिढ्यांत पन्नास हिस्सेदार झाले. मग बाहेरचा एक जण कुठल्या तरी लांबच्या नातवाचा हिस्सा विकत घेतो, वाटपाचा दावा लावतो, आणि कोर्ट अख्खी जमीन लिलावात काढतं. घरात राहणाऱ्यांच्या हाती थोडेसे पैसे येतात. २०१० मध्ये यावर नमुना कायदा तयार झाला, त्यात घरच्यांना आधी तो हिस्सा घ्यायची संधी द्यावी लागते. वीसहून जास्त राज्यांनी तो स्वीकारला आहे.

आमच्या घराण्याच्या जमिनीचा इतिहास जपायचा असेल तर सेनेका व्हिलेजवरून काय शिकावं?

कागदापासून सुरुवात करा. जुने सातबारा, फेरफार, खरेदीखतं, संपादनाच्या नोटिसा फेकू नका, कितीही पिवळ्या पडल्या असल्या तरी. स्कॅन करा, आणि दोन वेगळ्या माणसांच्या घरी प्रती ठेवा. मोडीतला कागद असेल तर वाचणारा शोधा, अजून मिळतात.

पण कागदावर थांबू नका. सेनेका व्हिलेजचं सगळ्यात मोठं नुकसान हे की तिथल्या कुणाचा आवाज उरला नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आत्ताच बोलतं करा, फोनवर रेकॉर्ड करा. 'गावाबद्दल सांगा' म्हटलं की मोठी माणसं दोन वाक्यांत आटपतात. पाणी कुठून भरायचात, शेजारी कोण होतं, बाळंतपणाला कोण यायचं, असं विचारलं की आजी तासभर बोलते. फोटोमागे नावं लिहा, पेन्सिलने. आणि गावातली जी कुटुंबं जमिनीची मालक नव्हती, कुळं होती, सालगडी होती, त्यांच्याही घरी जा. तुमच्या सातबाऱ्यावर त्यांचं नाव नसेल, गावाच्या इतिहासात ते असलंच पाहिजे.

तिथे जायचं तर कसं, आणि बघायचं काय?

भुयारी रेल्वेच्या बी किंवा सी गाडीने ८१ व्या किंवा ८६ व्या रस्त्याच्या स्टेशनवर उतरा आणि ८५ व्या रस्त्याच्या फाटकातून आत या. २०१९ मध्ये उद्यानाची देखभाल करणाऱ्या संस्थेने इथे गावाची माहिती देणारे फलक लावले : इथे झायन चर्च, इथे विल्सनांचं घर, इथे शाळा. फलक वाचत सावकाश फिरा. समिट रॉक नावाचा उंच खडक लागेल, उद्यानातली सर्वात उंच नैसर्गिक जागा. त्याच्या पायथ्याशी टॅनर्स स्प्रिंग हा झरा आहे. गावकरी याच झऱ्याचं पाणी भरत असावेत असं अभ्यासकांना वाटतं. उन्हाळ्यातही तो पाझरत असतो, सकाळी लवकर गेलात तर पाण्यावर पक्षी उतरलेले दिसतात.